प्राथमिक शाळेतील मार्गदर्शन व शिक्षकाचे काम



‘मार्गदर्शन’ हा शब्द आपल्या व्यवसायात इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ कोणता, याचा विचार करण्याची आपणांस सहसा गरज भासत नाही. शिबिरात मार्गदर्शन असते, परिपत्रकात मार्गदर्शन असते, आणि आमच्यासारखा अधिकारी शाळेस भेट देऊन गेला म्हणजे शेरेबुकात ‘मार्गदर्शन केले’ अशी नोंद होते. प्रस्तुत लेखात ज्या मार्गदर्शनाचा विचार करावयाचा आहे ते याहून निराळे आहे. मुलास एखादी अडचण आली असता ती त्याने कोणाजवळ बोलावी, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय करावे, एवढाच त्याचा विषय आहे.

शहरातील काही मोठ्या शाळांतून व महाविद्यालयांतून या कामासाठी समुपदेशक म्हणून स्वतंत्र व्यक्ती नेमलेली आढळते. आपल्या द्विशिक्षकी शाळेत तशी व्यक्ती नाही, आणि नजीकच्या काळात ती येईल अशी चिन्हेही दिसत नाहीत. मग आपल्या मुलांनी या सोयीवाचून राहावे काय? तसे राहण्याचे कारण नाही असे माझे मत आहे. हे मत मला ग्रंथवाचनाने झालेले नसून स्वतःच्या एका चुकीमुळे झाले आहे. यास्तव ती चूक प्रथम सांगतो.

सन २००३ च्या सुमारास मी सातवीपर्यंतच्या एका शाळेत शिक्षक होतो. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तिची गती उत्तम. फळ्यावर मी उदाहरण लिहून पुरे करावे तोवर तिच्या वहीत उत्तर तयार असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ही मुलगी दर गुरुवारी गैरहजर राहू लागली. गुरुवार हा शेजारच्या गावच्या बाजाराचा दिवस. मी हजेरीपटावर खुणा करीत गेलो, प्रगतिपुस्तकात ‘उपस्थिती अनियमित’ असा शेरा लिहिला, आणि एकदोन वेळा साऱ्या वर्गासमोर तिला रागावलोही. तिने मान खाली घातली. बोलली काही नाही. वर्षअखेर ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, दाखला घेऊन गेली, आणि आठवीला कोठेच गेली नाही. माध्यमिक शाळा नऊ किलोमीटरवर होती. ‘बाप पाठवीत नसेल,’ असे मी मनाशी ठरविले व तो विषय माझ्यापुरता संपला.

पुढे बारा वर्षांनी विस्तार अधिकारी या नात्याने एका शाळेस गेलो असता, पहिलीतल्या मुलाला पोहोचविण्यास आलेल्या एका बाईने मला वाकून नमस्कार केला. तीच ती. ख्यालीखुशाली झाल्यावर मी सहज विचारले, “आप्पांनी तुला पुढं का गं शिकवलं नाही?” ती म्हणाली, “नाही गुरुजी, आप्पा नाही म्हणाले नव्हते. रोजचं एसटीचं भाडं कुठनं आणायचं म्हणत होते. म्हणून तर मी गुरुवारी आईसंगं बाजारात भाजी घेऊन बसायची. भाड्यापुरतं साठवायचं म्हणून. साठलं नाही तेवढं.”

ग्रामीण भागातील मुलींना शाळेस जाण्यायेण्यासाठी एसटीचा पास विनामूल्य देणारी अहिल्याबाई होळकर योजना त्या वेळी चालू होती. तिचे परिपत्रक आमच्या शाळेच्या कपाटात होते, आणि ज्या फायलीत ते होते ती मीच लावलेली होती. शाळेतून एक दाखला व आगारात एक अर्ज, एवढेच काम होते. ज्या गैरहजेरीबद्दल मी त्या मुलीला रागावलो, ती गैरहजेरी शाळा टिकविण्यासाठी तिने एकटीने चालविलेली धडपड होती. मी तिला एकदाही एकांतात विचारले नाही; आणि तिने आपण होऊन मला सांगावे असे माझ्या वागण्यात काही नव्हते.

या घटनेचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाहेरून आपणांस जे दुर्वर्तन किंवा दुर्लक्ष दिसते, ते पुष्कळदा मुलाने आपल्या अडचणीवर स्वतःच शोधून काढलेला उपाय असतो. तो उपाय चुकीचा वा अपुरा असू शकतो, परंतु त्याच्या मागे एक अडचण आहे हे निश्चित. शिक्षेने तो उपाय तेवढा बंद पडतो, अडचण आहे तेथेच राहते.

आता या विषयाचा थोडा पूर्वेतिहास पाहू. १९०८ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे एक कार्यालय सुरू केले. शाळा लवकर सोडून मिळेल त्या कामास लागणारी तरुण मुले त्यांच्या डोळ्यांपुढे होती. मुलाने प्रथम स्वतःस ओळखावे, मग निरनिराळ्या कामांची खरी माहिती मिळवावी, आणि नंतर दोहोंचा मेळ घालावा, अशी त्यांची साधी रीत होती. पार्सन्स त्याच वर्षी निवर्तले, परंतु ही रीत राहिली. आपल्या देशात १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून मार्गदर्शन-अधिकारी असावेत असा आग्रह धरला. तथापि प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा आहे तो १९६४-६६ चा कोठारी आयोग. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक हे त्याचे सदस्य-सचिव होते. मार्गदर्शनाचा आरंभ प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून व्हावा, असे या आयोगाने स्पष्टपणे सांगितले. मुलांची संख्या अफाट असल्यामुळे तेथे तज्ज्ञ पुरणार नाहीत हेही आयोगाने ओळखले होते. म्हणून अध्यापक विद्यालयातच भावी शिक्षकांस निदानात्मक चाचण्यांची व व्यक्तिभेदांची ओळख करून द्यावी, सेवेतील शिक्षकांचे वर्ग घ्यावेत, आणि पुढील शिक्षणाची निवड करताना मुलांना व पालकांना साहाय्य करावे, असे साधे उपाय त्याने सुचविले. माध्यमिक शाळांसाठी दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशीही शिफारस होती. या गोष्टीस साठ वर्षे होत आली; हा फिरता समुपदेशक आमच्या तालुक्याकडे अद्याप फिरकलेला नाही.

अलीकडील दोन गोष्टी मात्र आपणांस ठाऊक असाव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात, जवळजवळच्या शाळांचे संकुल करून त्या सर्वांना मिळून समुपदेशक व समाजकार्यकर्ते उपलब्ध करून द्यावेत, असा विचार मांडलेला आहे. आणि २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. आणि शिक्षक व इतर सेवकांस वर्षातून किमान दोन वेळा यासंबंधीचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या तालुक्यातील बहुतेक शाळांचा पट शंभराच्या आत आहे. तेव्हा आपणांस लागू पडते ते दुसरे कलम. लहान शाळेला समुपदेशक नसला तरी चालेल, परंतु त्याच्यापर्यंत जाणारी वाट तिला ठाऊक नसणे चालणार नाही, असा त्याचा आपल्यापुरता अर्थ होतो.

या वाटेचा पहिला टप्पा वर्गातच आहे, आणि तो म्हणजे मुलाकडे पाहणे. आपण पाठाकडे पाहतो, वहीकडे पाहतो, मुलाकडे पाहावयाचे राहून जाते. चांगले अक्षर एकाएकी बिघडणे, मधल्या सुट्टीत नेहमीच्या सोबत्यांपासून दूर बसणे, पोषण आहाराचे ताट अर्धे टाकणे अथवा उलट अधाशीपणे खाणे, ठराविक वारी न येणे, शाळा सुटल्यावर घरी जाण्यास रेंगाळणे, क्षुल्लक कारणावरून मारामारी करणे, या साऱ्या खुणा आहेत. एकट्या खुणेवरून काहीच ठरवू नये. पण पंधरा दिवस तीच खूण दिसत राहिली तर ती दिसल्याचे स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे. ‘आळशी’, ‘उनाड’, ‘मंद’ असे शब्द तेथे लिहू नयेत. ‘तीन सोमवार आला नाही, मंगळवारी वर्गात झोपला’ असे लिहावे. पहिल्या प्रकारच्या शब्दांनी आपला निकाल देऊन होतो व चौकशी थांबते. दुसऱ्या प्रकारच्या नोंदीने चौकशीस आरंभ होतो. न ऐकू येणारे, फळ्यावरचे न दिसणारे मूल पुष्कळदा दुर्लक्षी म्हणून मार खाते, हे आपण जाणतोच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्या दिवशी आपली ही वही हाताशी असली तर डॉक्टरांना कोणते मूल नीट तपासावे हे आपण सांगू शकतो. एरवी रांगेतून मुले जातात आणि पथकही जाते.

दुसरा टप्पा ऐकण्याचा. येथे आपणा शिक्षकांची एक सवय आड येते. मूल तोंड उघडते न उघडते तोच आपण त्याला उपदेश करू लागतो. ‘असे रडू नये, धीर धरावा, अभ्यासात लक्ष घालावे,’ हे सारे खरे असले तरी त्या क्षणी त्याचा परिणाम एकच होतो, मूल गप्प बसते. शिवाय आपल्या खुर्चीसमोर उभे करून ‘काय झाले, सांग,’ असे विचारल्यास कोणते मूल सांगेल? तो तर जबाब झाला.

ऊसतोडीच्या हंगामानंतरची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जाणारी कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांतील चौथीचा एक मुलगा परत आल्यापासून एक शब्द बोलेना. वाचन येत असूनही वाचीना. शाळेतील बाईंनी त्याला काही विचारले नाही. मधल्या सुट्टीत झाडांना पाणी घालण्याचे काम त्याच्याकडे दिले आणि स्वतःही दुसरी बादली उचलली. दोन दिवस नुसते पाणी घालणे झाले. तिसऱ्या दिवशी आळे करता करता, बाईंकडे न पाहता, तो म्हणाला, “बाई, आमची कोपी जळाली.” मग हळूहळू सारे निघाले. फडावर असताना चुलीची ठिणगी उडाली होती. धाकटी बहीण याच्याच ताब्यात होती. ती वाचली, पण तिचा हात भाजला. आणि ‘तुझं ध्यान कुठं होतं?’ असे बाप एकदा संतापाने बोलला होता. नऊ वर्षांचे मूल ते वाक्य चार महिने मनात घेऊन हिंडत होते.

बाईंनी काय केले? फार थोडे. “तू तिला बाहेर ओढलंस, म्हणून ती वाचली,” एवढे त्या म्हणाल्या. सायंकाळी घरी जाऊन बापाशी बोलल्या. बापाला आपले ते वाक्य आठवतही नव्हते. मुलाला जवळ घेऊन तो काय बोलला हे बाईंनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आठवड्याने मुलगा वाचू लागला. पुढील हंगामास तो गावातच हंगामी वसतिगृहात राहिला. या प्रसंगात मानसशास्त्राचे एकही नाव आले नाही, तरी मार्गदर्शन म्हणतात ते हेच. हाताला काम असले आणि नजर दुसरीकडे असली म्हणजे मूल बोलते, हे मात्र मी बाईंकडून शिकलो.

तथापि सर्वच दुखणी पाणी घालता घालता बरी होणारी नसतात. येथे शिक्षकाने आपली मर्यादा ओळखली पाहिजे, आणि हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मी समजतो. मूल बोलू लागण्यापूर्वी ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधी देऊ नये. ‘तुला मदत होईल अशाच माणसाला सांगेन, आणि तुला कळवून सांगेन,’ असे म्हणावे. याचे कारण कायद्यातही आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. गावाची अब्रू, शाळेचे नाव, आरोपीचे वजन यांपैकी कोणतीही सबब तेथे चालत नाही. अशा प्रसंगी मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये, पुरावे गोळा करण्याच्या भरीस पडू नये, आणि मुलाचे नाव बाहेर फुटू देऊ नये. सातवी-आठवीच्या मुलीचे लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. पूर्वीचे ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच ते. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी तर कोणालाही, अगदी मुलालाही, फिरविता येतो.

एखादे मूल ‘मला जगावेसे वाटत नाही’ अशा अर्थाचे काही बोलले, तर ते नाटक आहे की खरे, याचा निवाडा आपण करू नये. त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी घरच्या विश्वासू माणसाच्या हाती द्यावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. शासनाची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न पडता, मराठीतून बोलता येते. असे विचारल्याने मुलाच्या मनात नसलेली कल्पना भरते, हा समज निराधार आहे. शांतपणे विचारल्याने बहुधा मुलाचा भार हलका होतो.

तिसरा टप्पा माहितीचा. माझ्या हातून राहिला तो हाच. सातवी वा आठवीच्या पुढे काय, हा प्रश्न आपल्या पालकांपुढे उभा राहतो तेव्हा त्यांच्या ओळखीत त्याचे उत्तर देऊ शकणारा माणूस म्हणजे शाळेतील गुरुजी किंवा बाई. पाचवीतील मुलास नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेस बसता येते. आठवीत असताना आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा देता येते, आणि निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात; शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वा अनुदानित शाळेत शिकत असले पाहिजे, ही अट मात्र ध्यानात ठेवावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील बहुतेक अभ्यासक्रमांस दहावी लागते, काहींस आठवी पुरते. हा भेद ठाऊक नसल्याने कित्येक मुले घरी बसतात. किशोरवयातील मुलामुलींच्या शरीराविषयीच्या व मनाविषयीच्या शंकांसाठी शासकीय रुग्णालयांतून ‘मैत्री’ नावाचे कक्ष चालतात; मुलगी शिक्षकांना जे विचारू शकत नाही ते तेथे विचारू शकते. परगावी जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे असते, ते मुकादमाची गाडी येण्यापूर्वी. गाडी निघून गेल्यावर ते कार्ड कपाटातच राहते.

या माहितीचे आपण काय करतो? फायलीस लावतो. आमच्या खात्यात प्रत्येक कामाचे एक प्रपत्र निघते. या कामाचे तसे प्रपत्र निघू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण ते निघाले की भरले जाईल आणि काम राहून जाईल. त्याऐवजी प्रत्येक शाळेने एकच पान तयार करावे व ते कपाटात न ठेवता भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे. त्यावर योजनांची नावे असावीत, वर दिलेले दूरध्वनी असावेत, आरोग्य केंद्राचा पत्ता असावा. पालकसभेत ते मोठ्याने वाचून दाखवावे. आपल्याकडील पुष्कळशा माउल्यांना वाचता येत नाही, आणि ‘येत नाही’ असे त्या सांगत नाहीत.

एवढे वाचून कोणी म्हणेल, आधीच कामांचा डोंगर असताना यास वेळ कोठून आणावा? ही तक्रार खोटी नाही. निवडणुकीची यादी, सर्वेक्षणे, संगणकावर भरावयाची माहिती यांत शिक्षकाचा दिवस कसा जातो, हे मी रोज पाहतो. म्हणूनच आणखी एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करतो. शिक्षक हा प्रशिक्षित समुपदेशकाचा पर्याय नव्हे, आणि आपण हे काम करतो म्हणून समुपदेशकाची गरज नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. निदान दर केंद्रामागे एक अशी व्यक्ती मिळावी, ही मागणी आपण व मी मिळून लावून धरली पाहिजे. न्यायालयाच्या निर्णयाने तिला आता आधार आहे. परंतु ती व्यक्ती येईल त्या दिवशीही तिच्याकडे कोणते मूल पाठवावे, हे वर्गातील शिक्षकच सांगणार. प्रत्येक शिक्षकाने आठवड्यास दोन मुलांशी, मधल्या सुट्टीतील दहा मिनिटे, अभ्यासाखेरीज अन्य विषयावर बोलावे. वीस मुलांच्या वर्गात अडीच महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते. आरंभ हुशार किंवा खोडकर मुलांपासून करू नये, त्यांच्याशी आपण एरवीही बोलतोच. जे मूल कधी त्रास देत नाही आणि ज्याचे नाव आठवण्यास आपणांस क्षणभर थांबावे लागते, त्याच्यापासून करावा.

पुढील महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत या विषयासाठी पहिला तास राखून ठेवला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी उपस्थित राहण्याचे मान्य झाले आहे. त्यांची व आपली समक्ष ओळख व्हावी, हा मुख्य हेतू आहे. येताना प्रत्येक शाळेने आपल्या भिंतीवरील पानाचा कच्चा मसुदा आणावा. मुलाचे नाव न घेता मांडता येईल असा एखादा प्रसंग कोणाजवळ असल्यास तोही मांडावा. जमलेला असो वा फसलेला. आणि आपापल्या कपाटातील विद्यार्थी-सवलतींच्या परिपत्रकांची फाईल सोबत घेऊन यावी. ती आपण एकत्र बसून पहिल्या पानापासून वाचू.